बुडाचा पेच

खंडेनवमीला नाशकात ज्याला म्हणून मूठ, चाक किंवा बटण आहे त्या प्रत्येक वस्तूला झेंडूची माळ पडते. सातपूरच्या लेथला पडते, अंबडच्या सीएनसीला पडते, द्राक्षबागेत औषध मारणाऱ्या ब्लोअरला पडते, रिक्षाला तर पडतेच पडते. घरोघरी विळी, अडकित्ता आणि मिक्सर एका पाटावर दाटीवाटीने बसून हळदकुंकू सोसतात. एवढ्या वर्षांत मी एक पाहून ठेवलंय. पूजा कायम पुढून होते. गाडीला बॉनेटवर स्वस्तिक, संगणकाला पडद्याच्या कपाळावर टिळा, फ्रिजला दारावर. मागे, जिथे वायरींचा गुंता, जळमटं आणि मेकॅनिकचं सगळं उत्पन्न असतं, तिथे उदबत्ती ओवाळायला कोणी वाकत नाही.

मामांच्या बंदुकीचं तरी दुसरं काय होणार?

मामांची शेती दिंडोरी तालुक्यात. ओट्यावर बसलं की समोर रामशेज दिसतो. बंदूक ठासणीची, एकनळी, पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची. मामांच्या वडिलांची, त्यांच्या पश्चात रीतसर मामांच्या नावावर झालेली. आपला शस्त्र कायदा १९५९ सालचा. त्याच्या तेराव्या कलमात खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीला परवाना द्यायची सोय स्पष्ट शब्दांत आहे. जनावर मारायचं तर वनखात्याची परवानगी वेगळी, त्यामुळे मामांच्या बंदुकीचं काम आवाज काढण्यापुरतं. तो काढायचा कसा? आधी नळीच्या तोंडातून मोजून दारू ओतायची, वर बोळा घालायचा, गजाने ठासायचं, मग मागच्या निपलवर टोपी बसवायची, घोडा चढवायचा आणि चाप ओढायचा. हे सगळं अंधारात, दातात बॅटरी धरून. तेवढ्या वेळात रानडुक्कर मका खाऊन, पाणी पिऊन, बांधाला अंग घासून घरी पोचलेलं असतं. बार होतो तो सकाळी शेजाऱ्यांनी विचारपूस करावी म्हणून.

दसऱ्याला ही बंदूक भिंतीवरून उतरते. मामी तिला ओल्या फडक्याने पुसतात, मग ओलं गंध, मग हळदकुंकवाची बोटं, मग झेंडू, आणि शेवटी पळीभर पाणी फिरवतात. लोखंडाला गंज चढवायचं टेंडर काढलं असतं तरी ठेकेदाराने एवढं मन लावून काम केलं नसतं. मी एकदा म्हटलंही, "मामी, पाण्याऐवजी तेलाचा हात फिरवला तर?"

"तेल शनीला आणि मारुतीला," मामी म्हणाल्या. "ही दोघांपैकी कोण आहे?"

मुळात ही योजना कुणा शहाण्या शिलेदाराची असणार, असं माझं मत आहे. पावसाळा संपला, चार महिने बासनात पडलेली हत्यारं बाहेर काढा, पुसा, परजा, तेल लावा आणि मग सीमोल्लंघनाला निघा. खंडेनवमी म्हणजे हत्यारांच्या सर्व्हिसिंगची तारीख. पुढे परजणं गेलं, पुसणं ओलं झालं, तेल मारुतीकडे गेलं आणि आपल्याकडे झेंडू उरला.

आता बुडाकडे वळू. ठासणीच्या बंदुकीचा सगळा रुबाब तोंडाचा. पण नळी ही शेवटी नळीच. तिचं मागचं भोक बुजवलं नाही तर बार पुढच्या डुकरात आणि मागच्या मामांत निम्मानिम्मा वाटला जाईल. म्हणून मागून एक जाड, आटे पाडलेला लोखंडी गट्टू पिळून बसवलेला असतो. मामा त्याला बुडाचा पेच म्हणतात, मामांचे जावई ब्रीच प्लग म्हणतात. दारू पेटली की तिचा वायू छर्ऱ्यांना पुढे ढकलतो तसा या गट्टूला मागे रेटतो, आणि गट्टूने चार-सहा आट्यांच्या भरवशावर जागा सोडायची नसते. पुढे काय व्हायचं ते होवो, मागे काही होता कामा नये, एवढीच त्याची नोकरी.

वस्तू साधी दिसते, पण तिच्यासाठी एका लोहाराने पोटची लेक दिली अशी कथा आहे. १५४३ साली जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीज उतरले. बेटाच्या धन्याने त्यांच्याकडच्या दोन तोड्याच्या बंदुका घेतल्या आणि याइता किन्बेई नावाच्या लोहाराला सांगितलं, अशीच कर. त्याने नळी केली. दस्ता, चाप, सगळं जमवलं. बूड काही बंद होईना. आट्यांचा पेच कसा पाडतात हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढच्या वर्षी परदेशी जहाजातून एक लोहार आला, त्याच्याकडून किन्बेई ती विद्या शिकला, एवढं जुन्या जपानी बखरीत आहे. बदल्यात त्याने आपली मुलगी वाकासा एका पोर्तुगीजाला दिली, ही लोकांनी मागून घातलेली भर.

ही हकिगत मी मामांना जेवताना सांगितली. मामांनी भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून समोर बसलेल्या जावयांकडे पाहिलं.

"म्हणजे लेक देऊन फिटर मिळवायची रीत जुनीच म्हणायची," मामा म्हणाले.

जावई अंबडच्या एका कारखान्यात टूलरूमला आहेत. मायक्रोनमध्ये बोलतात. मामी वरण वाढताना "थोडं घालू का?" म्हणाल्या तर थोडं म्हणजे किती, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर उमटतो. त्या रात्री वरण बाजूला राहिलं. २०२४ सालच्या लोकसभेला बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली होती, ती जूनमध्ये परत आली आणि आली तशी भिंतीवर चढून अख्खा पावसाळा तिथेच होती. जावयांनी विचारलं, "मामा, ब्रीच प्लग शेवटचा कधी खोलला होता?"

मामांनी मामींकडे पाहिलं. मामींनी माझ्याकडे. मी ताटाकडे.

सावकाश असं निष्पन्न झालं, की तो गट्टू या घरात कोणी पाहिलेलाच नाही. मामांच्या वडिलांनीही नाही. आत पेच आहे हे सर्वांना ठाऊक होतं ते केवळ बार मागून येत नाही यावरून. मामांच्या लेखी ही अभिमानाची गोष्ट होती. "वडलांनी कधी उघडला नाही, म्हणून आजवर टिकला." जावयांच्या लेखी हा गुन्हा होता. "कधी उघडला नाही, म्हणजे आता उघडणारच नाही." त्या क्षणी घरात दोन पक्ष पडले, आणि ज्या वस्तूचं तोंड दोघांनीही पाहिलेलं नाही तिच्या तब्येतीवर रात्री अकरापर्यंत चर्चा चालली. (आमच्याकडे इतर विषयांवरही चर्चा याच पद्धतीने होते.)

जावयांचं शास्त्र मात्र पक्कं होतं. काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. ती जळते तेव्हा तिच्या वजनातला निम्म्याहून अधिक भाग धुरात आणि राखेत घन रूपानेच उरतो. त्यातला काही उडून जातो, काही नळीला आतून चिकटतो. ही राख नुसती राख नाही. त्यात पोटॅशियमचे क्षार असतात आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतात. त्या राखेचा थर बुडाशी, आट्यांच्या तोंडाशी साचला, वर आपला पावसाळा आला, की लोखंड आणि लोखंड यांचं लग्न लागतं. बोहल्यावर चढताना बोटात गेलेली अंगठी पन्नाशीत काढायला जा, काय होतं? तेच. फरक एवढाच, की बोटाला साबण लावता येतो.

पावसाचं म्हणाल तर आमचा जिल्हा गमतीशीर. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस आणि सिन्नरच्या पूर्वेला टँकरची वाट. तेव्हा बंदुकीला गंज चढायचा की धूळ, हे शेत कुठल्या तालुक्यात आहे त्यावर ठरतं. दिंडोरी मध्येच पडतं म्हणून मामांच्या बंदुकीवर दोन्ही होतं.

आता पेच उघडो न उघडो, लावायचं काय, हा पुढचा प्रश्न निघाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर गावातल्या तेलांची सभा भरली. मामा करडईच्या तेलाचे. मामी समईत उरलेल्या तेलाच्या; देवाचं तेल, वाया कशाला घालवायचं? शेजारचे अण्णा रॉकेलवाले, आणि रॉकेल आता रेशनवर मिळत नाही हे दुःख त्यांनी बंदुकीच्या निमित्ताने पुन्हा एकदा सविस्तर मांडलं. पंपाच्या मोटारी भरणारा पोरगा म्हणाला, बेअरिंगचं ग्रीस ठासा, विषय संपवा. एक म्हातारे एरंडेलावर ठाम होते. त्यांच्या मते पोट असो की बंदूक, अडकलेल्यावर उपाय एकच.

जावयांनी सगळ्यांना हाताने थांबवलं. बार होतो तेव्हा बुडाशी भट्टी पेटते, ते म्हणाले. साधं तेल तिथे टिकत नाही. साधं ग्रीस जळून त्याचा कडक कोळसा होतो आणि ते स्वतःच आट्यांत ठाण मांडून बसतं, म्हणजे ज्याला राखण ठेवलं तोच घरजावई झाला. हे वाक्य बोलून झाल्यावर जावई स्वतःच थोडे थांबले. मग त्यांनी खरा उपाय सांगितला: तांब्याची किंवा निकेलची अगदी बारीक पूड घातलेलं खास ग्रीस. अँटीसीझ. तेल जळून गेलं तरी धातूची पूड आट्यांत राहते आणि लोखंडाला लोखंड भिडू देत नाही. अमेरिकेत काही जण नळाला गुंडाळायची पांढरी टेफ्लॉनची टेपही वापरतात. हे ऐकून ओट्यावरचा प्लंबर ताठ बसला. आजवर त्याला कोणी शस्त्रविद्येत विचारलं नव्हतं.

"पण जास्त लावायचं नाही," जावई म्हणाले. "आत उतरलं तर दारू तेलकट होते. मग टोपी फुटते आणि बार होत नाही."

म्हणजे कमी लावलं तर पेच उघडत नाही आणि जास्त लावलं तर बंदूक उडत नाही. अण्णा हे ऐकून म्हणाले, तलाठी कार्यालयातही असंच आहे, फक्त तिथे जास्त लावल्याने काही बिघडत नाही.

ठासणीच्या बंदुकीला काय लावावं, यावर या देशात ओट्याबाहेरही भांडण झालेलं आहे. १८५७ सालची ती एनफिल्ड रायफल ठासणीचीच होती. कागदाच्या काडतुसाला बाहेरून वंगण लावलेलं असायचं, म्हणजे गोळी नळीतून सहज उतरावी आणि जळलेली राख मऊ राहावी. हेतू निव्वळ देखभालीचा. ते काडतूस दातांनी फाडायचं, आणि वंगण गाईच्या व डुकराच्या चरबीचं असल्याचं शिपायांच्या कानावर आलं. कंपनीने घाईघाईने सांगून पाहिलं, की तुमचं तुम्हाला चालेल ते वंगण लावा, मेण आणि तेल लावा. पण तोवर उशीर झाला होता. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे उभे राहिले, आणि ऑक्टोबरात आमच्या जिल्ह्यात, सिन्नरजवळ नांदूरशिंगोट्याला, भागोजी नाईकांच्या भिल्लांशी झालेल्या चकमकीत हेन्री नावाचा इंग्रज पोलीस अधिकारी पडला. भागोजींच्या बंडाची कारणं आणखीही होती, सगळं चरबीच्या डब्यावर ढकलता येणार नाही. तरीही भांडाराची जबाबदारी असलेल्या प्रत्येक माणसाने वंगण मागवण्याआधी चार लोकांना विचारावं, एवढा बोध त्यातून कंपनीनेसुद्धा घेतला असेल. मामींनी हे ऐकून फक्त एवढंच विचारलं, की मेण आणि तेल कशाला, तूप नव्हतं का त्यांच्याकडे?

जावयांनी तोवर पाना काढला होता. दोन फुटी. पण इथे कायदा आडवा आला. शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय बंदूक दुरुस्तही करता येत नाही. मग ती सासऱ्यांची असो आणि तुमच्याकडे टूलरूमचा कितीही वर्षांचा अनुभव असो. जावयांनी कलम मोबाइलवर स्वतः वाचलं, पुन्हा वाचलं आणि पाना पिशवीत ठेवला. एवढ्या दुःखाने पिशवीत गेलेला पाना मी पाहिलेला नाही.

तेव्हा परवाना असलेला कारागीर शोधणं आलं. जुन्या नाशकात एक वयस्कर चाचा आहेत. मामा बंदूक खोळीत घालून, परवाना छातीच्या खिशात आणि बंदूक मांडीवर आडवी घेऊन टोमॅटोच्या पिकअपमध्ये बसले. क्रेट पिंपळगावला उतरवून आम्ही नाशिकला वळलो. वाटेत मामांनी जावयांना रामशेज दाखवला. तो त्यांनी लग्नाच्या वरातीपासून बऱ्याच वेळा दाखवला आहे. १६८२ साली औरंगजेबाच्या फौजेने या किल्ल्याला वेढा घातला आणि सरदार बदलले तरी किल्ला वर्षानुवर्षं हाती येईना. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या. किल्लेदाराने लाकडाच्या तोफा करून त्या चामड्याने मढवल्या आणि त्यांतून मारा केला, हे खाफी खानाने, म्हणजे मोगलांच्याच बाजूच्या इतिहासकाराने लिहून ठेवलंय.

"लाकूड एकाच बाजूने पोखरायचं," मामा म्हणाले. "मागे बूड आपोआप. ना आटे, ना पेच, ना तुमचं ते अँटी."

"तोफ किती बार टिकत असेल पण?" जावई.

"मोगल मोजत बसले असतील का?" मामा.

जावयांनी मग देवळाली काढली. जावयांचं बालपण नाशिकरोडला गेलं. देवळालीच्या रेंजवर तोफा सुटल्या की घराच्या तावदानांतून त्यांना कॅलिबर ओळखता येतं असा त्यांचा दावा आहे. तिथल्या तोफखाना स्कूलमध्ये ९ नोव्हेंबर २०१८ ला एम-७७७ तोफा सैन्यात दाखल झाल्या. इतकी आधुनिक तोफ, हलकी म्हणून हेलिकॉप्टरला टांगून नेता येते, पण तिचं बूड आजही आट्यांच्या पेचानेच बंद होतं. फक्त आटे सलग नाहीत, तुटक पाडलेले. थोडं फिरवलं की उघडलं, थोडं फिरवलं की बंद. "आणि तिथे रोज साफ करतात," जावई म्हणाले. "पूजा वर्षातून एकदा, पण फुली वहीत रोज." मामा काही बोलले नाहीत. सैन्याचं नाव काढल्यावर ते वाद घालत नाहीत.

चाचांचं दुकान अरुंद. त्यांनी खोळ काढली, पण बंदुकीकडे नीट पाहण्याआधी एक पितळी टोकाचा गज उचलला. "आधी हिच्या पोटात काय आहे ते बघू." गज तोंडातून आत सोडला, टेकला तिथे अंगठ्याच्या नखाने खूण धरली, बाहेर काढला आणि नळीला बाहेरून लावून पाहिला. रिकाम्या नळीत गज पार बुडापर्यंत जायला हवा. खूण बुडापासून चांगली चार बोटं अलीकडे थांबली.

दुकानात एकदम शांतता झाली. चार बोटं म्हणजे आत काहीतरी ठासलेलं आहे. मामा म्हणाले, शक्य नाही. चाचा म्हणाले, भिंतीवरच्या बंदुकांचे मालक हेच म्हणतात. आजोबा भरून ठेवतात आणि नातू झटकायला घेतात. जावई हळूच दाराकडे सरकले, मी त्यांच्या मागे. आणि बाहेर चहावाला आत येत होता त्यालाही आम्ही पायरीवरच धरून ठेवलं. ही बंदूक मामांच्या घरात दर दसऱ्याला पाटावर मांडली जाते, पोरं तिच्यासमोर हात जोडून उभी राहतात, ते सगळं दोघांच्याही डोळ्यांसमोरून गेलं.

चाचांनी निपल उतरवलं, त्या भोकातून थोडं तेल सोडलं आणि गजाच्या टोकाला मळसूत्री आकडा लावून तोंडातून सावकाश फिरवायला सुरुवात केली. आकड्याबरोबर पहिल्यांदा आली ती माती. मग आणखी माती. मग मातीच्या एका नळकांड्याचा तुकडा आणि त्यात वाळलेला कोळी. कुंभारमाशी! पावसाळ्यात तिने मामांच्या बंदुकीत घर बांधलं होतं, पिलांसाठी कोळी भरून ठेवले होते आणि दार लिंपून निघून गेली होती. परवाना मामांच्या नावावर, ताबा माशीचा.

"पोलिसांकडून आल्यावर तोंडाला बूच लावलं नव्हतं का?" चाचांनी विचारलं.

मामा म्हणाले, "हार घातलेला होता."

मग चाचांनी नळी दस्त्यापासून सोडवली, आणि पुढचा अर्धा तास जो कार्यक्रम झाला त्यासाठी मी पुन्हा जायला तयार आहे. स्टोव्हवर पाणी उकळत होतं. बादलीत उकळतं पाणी, थोडा साबण. नळी बुडाकडून त्यात उभी केली. गजाच्या टोकाला चिंधी गुंडाळून ती वरून आत घातली आणि गज वर ओढला, तसं निपलच्या भोकातून पाणी सूंऽ करून नळीत चढलं. खाली दाबला, तसं काळंभोर होऊन बाहेर आलं. पहिल्या दोन झटक्यांत दुकानभर कुजक्या अंड्यांचा वास पसरला; दारूतल्या गंधकाचा तो प्रताप. मामा नाकाला रुमाल लावून पाहत होते. वडिलांच्या हातचे बार होते ते, कुणास ठाऊक किती सालचे, बादलीत उतरत होते. पाणी बदललं. तपकिरी आलं. पुन्हा बदललं. शेवटी पाणी गेलं तसंच परत आलं. उकळतं पाणी का, तर नळी इतकी तापते की बाहेर काढल्यावर आतला ओलावा स्वतःच उडून जातो. राख क्षारांची, ती पाण्यातच विरघळते. तिच्यावर नुसतं तेल ओतलं तर ती तेलाखाली सुखाने गंजवत बसते. म्हणजे ओट्यावरची अख्खी सभा बाद. आणि पाण्याची पळी फिरवणाऱ्या मामी अर्ध्या बरोबर निघाल्या, फक्त पळी आतून फिरवायला हवी होती आणि नंतर पुसायला हवं होतं.

नळी गरम असतानाच चाचांनी तेलाचं फडकं आतबाहेर फिरवलं. निपलच्या आट्यांना काडेपेटीच्या काडीने, कानाला औषध घालावं इतक्या बेताने ग्रीस लावलं आणि ते परत बसवलं. "बार करायच्या आधी हे आतलं तेल कोरड्या चिंधीने काढायचं. नाहीतर नुसती टोपी वाजेल."

"आणि ब्रीच प्लग?" जावयांनी इतका वेळ दाबून धरलेला प्रश्न विचारला.

"तो नाही उघडायचा."

जावयांनी मोबाइल पुढे केला. अमेरिकेत मिसुरीच्या टोनी नाईट नावाच्या कारागिराने १९८५ साली एक ठासणीची रायफल काढली. तिचा प्लग मागून चक्क फिरवून निघतो. तिकडचे लोक नेमबाजीवरून आले की प्लग काढतात, धुतात, तांब्याचं ग्रीस लावतात, हाताने घट्ट करतात. चाचांनी चष्मा वर करून चित्र नीट पाहिलं. कारागिराने कारागिराचं पाहावं तसं.

"चांगलं काम आहे," ते म्हणाले. "पण ती काढायसाठी केलेली आहे. ही बसवायसाठी केलेली आहे."

मग त्यांनी जावयांना जवळ बोलावून समजावलं, आणि ते ऐकताना सासुरवाडीला आल्यापासून प्रथमच जावयांचा चेहरा शिकाऊ मुलाचा झाला. जुन्या बंदुकीत पेचाचं आतलं तोंड नळीच्या खाचेला घासून असं बसवलेलं असतं, की मध्ये फट राहू नये आणि राख आट्यांपर्यंत पोचू नये. ते एकदा उचकटलं की बैठक मोडते. पुन्हा बसवताना थोडं जास्त फिरतं, निपल तिरकं होतं, घोडा टोपीवर बरोबर पडत नाही. शिवाय इतक्या वर्षांनी दोन फुटी पाना लावून जोर केला, तर पेच फिरण्याआधी नळीच पिळवटायची. आणि तापवून सैल करू म्हणणारेही असतात, चाचा म्हणाले, त्यांना मी दुकानात बसू देत नाही. "बाहेरून तडा नाही, सांध्यातून धूर येत नाही, आतून बॅटरी मारून बघितलं, बूड चकचकीत आहे. मग त्याला कशाला त्रास?"

थोडक्यात, मामांच्या वडिलांनी जे केलं नव्हतं ते बरोबर केलं नव्हतं. मामांना हे इतकं आवडलं, की त्यांनी चाचांना ठरल्यापेक्षा शंभर रुपये जास्त दिले आणि वाटेत जावयांना मिसळ खाऊ घातली. जावयांनीही हार खिलाडूपणे घेतली. मात्र नळीचं तोंड बंद करण्यासाठी कारखान्यातून नायलॉनचं बूच मापात करून आणतो, असं जाहीर केलं, आणि ते खरोखरच आणलं. बूच हे शस्त्र नाही, त्याला परवाना लागत नाही. मामींनी त्यालाही कुंकू लावलं.

एवढं करून १२ ऑक्टोबरला दसरा झाला. मामींच्या ओल्या फडक्याची जागा त्या वर्षी तेलाच्या फडक्याने घेतली, मारुतीची परवानगी गृहीत धरून. बंदूक अशी चमकत होती की पाहुणे नवी घेतली का विचारत होते. १५ ऑक्टोबरला विधानसभेची निवडणूक जाहीर होऊन आचारसंहिता लागली आणि पाठोपाठ नोटीस आली. बंदूक जमा करा.

मामा बंदूक घेऊन पोलीस ठाण्यात गेले तेव्हा मी बरोबर होतो. खोळ, बूच, तेलाची छोटी बाटली, सुती चिंध्यांची पुडी, आणि जावयांनी संगणकावर छापून दिलेलं एक पान: नळी तोंड खाली करून ठेवावी, भिंतीला टेकवू नये, पंधरा दिवसांनी बाहेरून तेलाचा हात द्यावा, बुडाच्या पेचाला कोणीही हात लावू नये. मतदान २० नोव्हेंबरला, म्हणजे महिनाभराच्या वर मुक्काम. हवालदारांनी बंदूक नोंदवली, चापाच्या कडीला दोऱ्याने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली, मामांच्या हातात पावती दिली. मग ते पान हातात घेऊन खालपर्यंत वाचलं.

"मामा, हे सगळं एका बंदुकीचं?"

"हो."

हवालदारांनी खिडकीतून बाहेर उभ्या असलेल्या जीपकडे पाहिलं. "तुमच्या जावयांना एकदा इकडे पाठवा," ते म्हणाले. "आमच्या गाडीचं ऑइल कधी बदललंय ते साहेबांनापण ठाऊक नाही."